जुनी मोटार विकताना : आधी पैसे, मग किल्ली

नाशिक (प्रतिनिधी) : जुनी मोटार घेताना काय पाहावे, हे सांगणारे जागोजाग भेटतात. इंजिनाचा आवाज ऐका, दरवाजाच्या फटी तपासा, किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, असा सल्ला घेणाऱ्याला फुकट मिळतो. विकणाऱ्याला मात्र कोणी काही सांगत नाही. ज्याच्या हाती पैसे पडणार, त्याला कसली आली जोखीम, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे. घेणारा फसला, तर त्याच्या दारात निदान एक खराब गाडी तरी उभी राहते. विकणारा फसला, तर त्याच्याकडे गाडीही राहत नाही आणि पैसेही राहत नाहीत; परिवहन कार्यालयाच्या दप्तरात मात्र गाडी त्याच्याच नावावर राहते.

मोटारविक्रेत्या दुकानाला किंवा कंपनीला गाडी दिली, तर भाव कमी मिळतो. त्यामुळे छोट्या जाहिराती, इंटरनेटवरील संकेतस्थळे किंवा सोसायटीतील ओळखीपाळखी यांच्या आधारे परस्पर गाडी विकण्याकडे अनेकांचा कल असतो. मधला माणूस वगळला की चार पैसे जास्त मिळतात, हे खरेच. पण मधला माणूस जी कामे करतो, त्यांतील सर्वांत अवघड काम पैसे वसूल करण्याचे असते आणि तेच आपल्या अंगावर येते.

भाजी घेताना एका हाताने पैसे दिले जातात आणि दुसऱ्या हाताने भाजी घेतली जाते. मोटारीच्या व्यवहारात तीन गोष्टी हात बदलतात : गाडीचा ताबा, नावाचे कागद आणि पैसे. या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी बदलत नाहीत. किल्ली रविवारी जाते, धनादेश सोमवारी भरला जातो आणि नाव पुढे कधीतरी बदलते. फसवणुकीला जागा मिळते ती या मधल्या अंतरात. पैसे घेण्याची सुरक्षित पद्धत म्हणजे हे अंतर जमेल तितके कमी करणे, आणि जे उरेल त्यात आपली बाजू मोकळी न ठेवणे.

ताबा गेला की काय होते?

धनादेश वटला नाही, तर गाडी परत आणता येईल, अशी अनेकांची भाबडी समजूत असते. कायद्याची स्थिती तशी सरळ नाही. फसवून केलेला करार भारतीय करार कायद्याच्या कलम १९ नुसार आपोआप रद्द होत नाही. फसलेल्या पक्षाला तो रद्द करण्याचा अधिकार असतो, एवढेच. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २९ त्यापुढे जाते. मूळ मालकाने करार रद्द करण्यापूर्वीच ठकाने ती वस्तू तिसऱ्या व्यक्तीला विकली आणि त्या व्यक्तीने ती प्रामाणिकपणे, काही ठाऊक नसताना घेतली, तर तिला चांगला मालकी हक्क मिळतो. म्हणजे आपली गाडी आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची होऊ शकते, आणि तो दुसरा चोर नसतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील आहे. आपला मालविक्री कायदा तेथील १८९३ च्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेला असल्याने ते येथेही उपयोगी पडते. १९६९ मध्ये ब्रिस्टल येथील एका विद्यार्थ्याने आपली ऑस्टिन कूपर मोटार विकण्यासाठी जाहिरात दिली. एक गृहस्थ आला आणि त्याने आपण अभिनेता रिचर्ड ग्रीन असल्याचे भासवले. दूरचित्रवाणीवरील रॉबिन हूडच्या भूमिकेमुळे हा ग्रीन घरोघरी परिचित होता. सौदा ४५० पौंडांना ठरला आणि गृहस्थाने धनादेश लिहिला. लगेच गाडी देण्यास विद्यार्थी कचरत होता. तेव्हा त्याने ओळखीदाखल पाइनवुड स्टुडिओचा छायाचित्र असलेला पास दाखवला. विद्यार्थ्याची शंका फिटली. गाडी आणि कागद गेले. धनादेशपुस्तक चोरीचे निघाले. तोपर्यंत ठकाने ती मोटार लंडनमधील दुसऱ्या एका विद्यार्थ्याला २०० पौंडांना विकली होती. 'ल्युईस विरुद्ध अव्हेरे' या नावाने हा खटला ओळखला जातो. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला तो दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने. गाडी त्याच्याकडेच राहिली.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्या विद्यार्थ्याने ओळखपत्र मागितले होते. ओळखपत्र म्हणजे पैसे नव्हेत. आधार कार्ड, वाहनचालक परवाना, कंपनीचे ओळखपत्र हे सर्व जरूर पाहावे, त्यांच्या प्रती ठेवाव्यात. पण ते पाहून पैशाबद्दलची काळजी कमी करू नये.

रोख रक्कम : नाशिकला नोटांचे अप्रूप नाही

देशातील नोटा छापणाऱ्या मोजक्या छापखान्यांपैकी एक, चलार्थ पत्र मुद्रणालय, १९२८ पासून नाशिकरोडला आहे. तरीही दारात आलेल्या बंडलातील नोट खरी की खोटी, हे नाशिककरालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येतेच असे नाही. कांदा किंवा द्राक्षाचा हंगाम संपल्यावर निफाड, चांदवड, दिंडोरीकडून येणारा घेणारा अनेकदा रोखीनेच बोलतो, आणि त्यात वावगे काही नसते. अडचण वेगळी आहे.

आयकर कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून कलम २६९ एसटी लागू झाले. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगासंबंधी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास त्याने मनाई केली. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही मर्यादा कायम ठेवण्यात आली आहे. या तरतुदीचा दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला आहे, आणि तो स्वीकारलेल्या रकमेइतका असू शकतो. साडेतीन लाखांची गाडी विकून अडीच लाख रोख घेतले, तर अडीच लाखांचाच दंड होऊ शकतो. 'आज दीड लाख घ्या, परवा उरलेले देतो' ही युक्तीही चालत नाही, कारण व्यवहार एकच असतो. घेणारा 'माझ्याकडे रोखच आहे' असे म्हणाला, तर ती त्याची अडचण आहे. त्याने आपल्या खात्यात भरावी आणि तेथून पाठवावी.

दोन लाखांच्या आतील रोख रक्कम घ्यायचीच असेल, तर ती घरी मोजू नये. दोघांनी मिळून आपल्या बँकेच्या शाखेत जावे. नोटा रोखपालाच्या यंत्रातून जाऊन रक्कम आपल्या खात्यात जमा झाली आणि पावतीवर शिक्का पडला, की मग किल्ली द्यावी. खोटी नोट निघाली, तरी ती घेणाऱ्याच्या समोर निघते. घरी मोजलेल्या बंडलात दुसऱ्या दिवशी खोटी नोट सापडली, तर ती कोणाची, याला उत्तर नसते. दोन हजारांची नोट कोणी पुढे केली, तर ती स्वीकारू नये. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ती चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले. वैधता कायम असली, तरी ती बदलून घेण्याचा व्याप आपल्यामागे लागतो.

धनादेशाचा भरवसा

धनादेश वटला नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ आहे, असे सांगून मन शांत केले जाते. हे कलम १९८९ पासून लागू आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. कागदावर ते भक्कम दिसते. प्रत्यक्षात बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट पाहावी लागते आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार करावी लागते. पुढे तारखा सुरू होतात. या खटल्यांच्या ढिगाची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घेतली, तेव्हा देशभर असे पस्तीस लाखांहून अधिक खटले प्रलंबित असल्याची आकडेवारी पुढे आली होती. एक सोय मात्र झाली आहे. महाराष्ट्रातीलच एका खटल्यात, 'दशरथ रूपसिंग राठोड' प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निकाल दिला होता, की तक्रार धनादेश देणाऱ्याच्या बँकेच्या गावी करावी लागेल. २०१५ च्या दुरुस्तीने ते बदलले. आता खात्यात भरलेल्या धनादेशाची तक्रार आपले खाते ज्या शाखेत आहे, तेथील न्यायालयात करता येते. नाशिकच्या माणसाला इंदूर किंवा सुरतेस खेपा घालाव्या लागत नाहीत.

पण कलम १३८ पैसे परत मिळवण्याचे साधन आहे. गाडी परत मिळवण्याचे नव्हे. चोरीच्या पुस्तकातील धनादेश असेल, तर खटला भरायचा कोणावर, हाच प्रश्न.

धनादेश घ्यायचाच तर तो आधी घ्यावा आणि वटल्यानंतरच गाडीचा ताबा द्यावा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने धनादेशांचे सतत समाशोधन सुरू केले. ठरलेल्या वेळात बँकांकडून आलेल्या धनादेशाची प्रतिमा त्याच दिवशी पुढे जाते आणि देणाऱ्याच्या बँकेने संध्याकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. पूर्वीसारखे दोन-तीन दिवस थांबावे लागत नाही. तेव्हा 'एवढाही विश्वास नाही का?' हा भावनिक आग्रह आणखीनच निरर्थक ठरतो. ५० हजार रुपयांवरील धनादेशांसाठी १ जानेवारी २०२१ पासून 'पॉझिटिव्ह पे' ही सोयही आहे. धनादेश देणारा आपल्या बँकेला क्रमांक, तारीख, रक्कम आणि नाव आधीच कळवतो. घेणाऱ्याने हे केले आहे का, ते विचारावे. प्रामाणिक माणूस ते दोन मिनिटांत करतो.

पुढील तारखेचा धनादेश घेऊन गाडी देणे म्हणजे बिनव्याजी, बिनतारणी कर्ज देणे. जवळच्या नातेवाइकालाही द्यावयाचे असेल, तर त्याला कर्ज म्हणूनच द्यावे.

ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त रकमेचा धनादेश कोणी दिला आणि 'वरचे पैसे गाडी नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा' असे सांगितले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. वरचे पैसे आपले जातात आणि धनादेश नंतर परत येतो.

डिमांड ड्राफ्ट : बँकेचा कागद, पण कोणत्या बँकेचा?

ड्राफ्ट म्हणजे रोख पैसे, असे एक पिढीभर मानले गेले. बँकेने आधीच पैसे घेतलेले असल्याने खरा ड्राफ्ट पैशाअभावी परत येत नाही, हे बरोबर. पण हातातील ड्राफ्ट खरा आहे, हे कोणी सांगायचे? छापील कागद पाहून खरेखोटे ठरवता येत नाही, हा धडा महाराष्ट्राला तेलगी प्रकरणाने दिलाच आहे. त्या बनावट मुद्रांकांचे धागे नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयापर्यंत पोचले होते.

ड्राफ्ट पाहताना एक गोष्ट तपासता येते. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्ट, पे ऑर्डर आणि बँकर्स चेकवर तो काढणाऱ्याचे नाव छापणे बंधनकारक झाले आहे. ते नाव घेणाऱ्याचेच आहे का, हे पाहावे. ड्राफ्टची मुदत तीन महिन्यांची असते. पण सर्वांत खात्रीचा मार्ग एकच : घेणाऱ्याबरोबर त्याच्या बँकेत जावे आणि खिडकीतून ड्राफ्ट बाहेर येताना स्वतः पाहावा. ते शक्य नसेल, तर काढणाऱ्या शाखेत चौकशी करावी. मात्र ड्राफ्टवर छापलेल्या किंवा घेणाऱ्याने दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर नव्हे. क्रमांक बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपण स्वतः शोधावा. बनावट ड्राफ्ट छापणाऱ्याला त्यावर बनावट क्रमांक छापणे काही अवघड नसते.

शिवाय बँक कोणती, हेही पाहावे लागते. नाशिक ही सहकाराची भूमी. पण येथील ठेवीदारांनी काही कडू अनुभव घेतले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने नाशिकच्या इंडिपेंडन्स सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध घातले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचा परवानाच रद्द केला. अशा निर्बंधांच्या काळात खातेदाराच्या खात्यावर शिल्लक दिसत असूनही पैसे हलत नाहीत. ठेव विम्याचे संरक्षण ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत मिळते. पण गाडी विकून धनादेश हाती घेऊन बसलेला माणूस ठेवीदार नसतो. पतसंस्थेच्या नावाने दिलेल्या कागदावर तर मोटारीसारखा मोठा व्यवहार करूच नये.

आरटीजीएस आणि एनईएफटी

आजच्या घडीला दोन लाखांवरील गाडीसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग आरटीजीएस हाच म्हणावा लागेल. त्याची किमान मर्यादा दोन लाख रुपये आहे. यात प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे आणि तत्काळ पूर्ण होतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात झालेली ही फेड अंतिम व अपरिवर्तनीय मानली जाते. संदेश मिळाल्यापासून ३० मिनिटांत आपल्या बँकेने रक्कम खात्यात जमा करणे अपेक्षित असते. एनईएफटीत दर अर्ध्या तासाने गट निघतो; रक्कम थोडी उशिरा येते, एवढाच फरक. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. आयएमपीएस या मार्गाने पाच लाखांपर्यंतची रक्कम लगेच जाऊ शकते. मात्र प्रत्येक बँकेची स्वतःची मर्यादा वेगळी असते.

येथे एक व्यावहारिक अडचण नेहमी येते. घेणारा गाडी न्यायला येतो, मोबाईल काढतो आणि मग लक्षात येते, की नव्याने जोडलेल्या खात्यात पहिल्या काही तासांत किंवा पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. मग 'पन्नास हजार आत्ता घ्या, उरलेले उद्या', असे म्हणून तो गाडी मागतो. यात नेहमीच फसवणूक असते असे नाही. पण मन वळवण्याची ही सर्वांत सोपी वेळ असते. यासाठी आदल्या दिवशीच खाते क्रमांक आणि आयएफएससी देऊन ते जोडून घेण्यास सांगावे. आरटीजीएस व एनईएफटीसाठी खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. त्यामुळे एक अंक चुकला, तर पाठवणाऱ्याला ते आधीच कळू शकते. वाटल्यास आदल्या दिवशी एक रुपया पाठवून खात्री करावी.

पैसे पाठवल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो तो यूटीआर क्रमांक किंवा मोबाईलच्या पडद्याचे छायाचित्र. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो, एनईएफटीचा १६. पण अक्षरे मोजून खात्री पटवू नये. क्रमांक असा खरा दिसणारा कोणीही लिहू शकतो, आणि पैसे पाठवल्याचा पडदा हुबेहूब दाखवणारी बनावट ॲप्सही आहेत. एसएमएसही खोटा असू शकतो. पैसे आले का, हे एकाच ठिकाणी पाहावे : आपल्या बँकेच्या ॲपमध्ये आपण स्वतः उघडलेल्या खाते उताऱ्यात. शाखेत बसून व्यवहार केला, तर काउंटरवरील कर्मचाऱ्याला विचारता येते. दुसरा व चौथा शनिवार आणि रविवार टाळून कामकाजाचा दिवस निवडावा, तो यासाठीच.

यूपीआय आणि 'फौजी' ग्राहक

यूपीआयने दोन व्यक्तींमध्ये सर्वसाधारणपणे एक लाखापर्यंतच रक्कम जाते. त्यामुळे पूर्ण किमतीसाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे. विसार घेण्यासाठी मात्र ते सोयीचे. एकच नियम पक्का ध्यानात ठेवावा : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, आणि क्यूआर कोड आपल्याला स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकायला सांगणारा माणूस पैसे देत नसून नेत असतो.

सैन्यातील जवान असल्याची बतावणी करून जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळांवर फसवणूक करणाऱ्यांच्या टोळ्या गेल्या काही वर्षांत देशभर गाजल्या. ओळखपत्राचे, कँटीन कार्डाचे छायाचित्र पाठवायचे, 'बदली झाली आहे, प्रत्यक्ष पाहायला येता येत नाही' असे सांगायचे, गाडी न पाहताच भाव मान्य करायचा आणि मग 'पैसे स्वीकारण्यासाठी' क्यूआर कोड पाठवायचा, अशी ही पद्धत. देवळाली आणि आर्टिलरी सेंटर उशाशी असलेल्या नाशिकमध्ये लष्करी ग्राहक ही नवलाईची गोष्ट नाही, म्हणून ही थाप येथे अधिक पटते. खरा जवान देवळालीहून येऊन गाडी पाहून जाईल, चालवून पाहील आणि चार हजार कमी करायला लावील. न पाहता, घासाघीस न करता मोटार घेणारा माणूस कोणत्याही खात्यात नोकरीस असला, तरी संशयास्पद समजावा.

यूपीआयवरील व्यक्ती-व्यक्तींमधील पैशाची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ती अशा फसवणुकीमुळेच. क्यूआर कोडची युक्ती मात्र अजून संपलेली नाही.

पैसे आले, पण कोणाच्या खात्यातून?

हा मुद्दा फारसा कोणाला ठाऊक नसतो, आणि सध्या तोच सर्वांत धोक्याचा आहे. गाडी घेणारा एक, आणि पैसे येतात भलत्याच तिघाचौघांच्या खात्यांतून. 'मेहुण्याच्या खात्यातून पाठवले', 'भागीदाराने पाठवले', असे उत्तर मिळते. हे पैसे दुसऱ्या कोणाला ऑनलाईन फसवून मिळवलेले असू शकतात. त्या व्यक्तीने १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली, की पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले, तेथे ते रोखून धरले जातात. साखळीच्या शेवटी आपले खाते असेल, तर ती रक्कम गोठते. कधी पूर्ण खातेच. मग दूरच्या एखाद्या राज्यातील पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करून आपण केवळ गाडी विकली, हे सिद्ध करत बसावे लागते.

म्हणून अट आधीच सांगावी : ज्याच्या नावावर गाडी होणार, त्याच्याच खात्यातून रक्कम यावी. कुटुंबातील कोणी देणार असेल, तर नाते, खाते आणि रक्कम यांचा करारनाम्यात उल्लेख करून त्या व्यक्तीची स्वाक्षरी घ्यावी. घेणाऱ्याने बँकेचे कर्ज काढले असेल, तर ती बँक बहुधा थेट आपल्या खात्यात रक्कम देते. हा प्रकार उलट सुखाचा.

आपल्याच गाडीवर कर्ज शिल्लक असेल, तर क्रम बदलतो. घेणाऱ्याकडून कर्जाच्या शिल्लकीइतकी रक्कम थेट आपल्या कर्जखात्यात भरून घ्यावी, बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती येईपर्यंत उरलेली रक्कम व ताबा दोन्ही थांबवावे. घेणाऱ्यालाही हे मान्य होते, कारण बोजा उतरल्याशिवाय त्याच्या नावावर गाडी होणार नाही.

विसार, पावती आणि कोरे फॉर्म

विसार लहान असावा, पाच-दहा हजारांचा, आणि तो खात्यातूनच घ्यावा. पावतीवर एकूण किंमत, उरलेली रक्कम, ती कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या मार्गाने द्यायची, सौदा मोडल्यास विसाराचे काय, हे लिहावे. विसार घेऊन गाडी किंवा मूळ आरसी देऊ नये. गाडी चालवून पाहायला मागितली, तर शेजारी आपण बसावे.

खरा घोळ होतो तो फॉर्म २९ आणि ३० यांच्याबाबत. स्वाक्षऱ्या करून नाव, तारीख कोरी ठेवलेले फॉर्म दलालाच्या हाती देण्याची प्रथा आहे. 'ग्राहक मिळाला की भरू', असे तो म्हणतो. या कोऱ्या फॉर्मांवर गाडी तीन-चार हात फिरते, आणि दप्तरात आपले नाव तसेच राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात नेमका हाच प्रश्न निकाली काढला. मालकाने २००७ मध्ये गाडी विकली, ती पुढे आणखी हातांत गेली, मे २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. गाडी कोणाच्या ताब्यात होती, याचा शोध अपघातग्रस्ताने घेत बसावा, अशी अपेक्षा कायदा करीत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विकणाऱ्याने आपला भाग घेणाऱ्यावर सोपवू नये. पेठ रोडवरील कार्यालयात किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज स्वतः भरावा. ऑनलाईन अर्जात आपल्या मोबाईलवर येणारा ओटीपी म्हणजे एका अर्थी स्वाक्षरीच. पैसे खात्यात दिसल्याशिवाय तो कोणाला सांगू नये. नाशिकच्या गाड्या पेठ, सापुतारामार्गे गुजरातेतही जातात. अशा वेळी ना हरकत दाखल्याचा फॉर्म २८ लागतो आणि मुदत ४५ दिवसांची असते. तेथे कागद पूर्ण झाल्याखेरीज गाडी सोडण्याची घाई करू नये. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल, तर हस्तांतरण अडते. प्लेट आधी बसवून घ्यावी.

विक्रेत्या दुकानाला गाडी देत असाल, तर एक चांगली तरतूद १ एप्रिल २०२३ पासून झाली आहे. परिवहन विभागाने प्राधिकृत केलेल्या विक्रेत्याकडे गाडी देताना फॉर्म २९ सी भरून कळवले, की पुढच्या घडामोडींची जबाबदारी त्या विक्रेत्यावर येते. दुकानाकडे असा प्राधिकार आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये.

ताबा देताना ताबा पावती करावी आणि तीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. सकाळी ११ वाजता गाडी दिली आणि दुपारी एक वाजता द्वारका चौकात सिग्नल मोडला, तर दंडाचा संदेश आपल्याच मोबाईलवर येणार. पावतीवर मिळालेली पूर्ण रक्कम, यूटीआर, किलोमीटरचा आकडा, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन साक्षीदार असावेत.

फसवणूक झालीच तर

वेळ फार महत्त्वाची. ऑनलाईन पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर ताबडतोब तक्रार करावी. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. त्याच वेळी आपल्या बँकेला लेखी कळवावे.

गाडी गेली आणि धनादेश परत आला, तर नुसती वाट पाहणे महागात पडते. वर सांगितलेल्या कलम २९ मध्ये कळीचा शब्द आहे तो करार रद्द करण्याचा. जानेवारी १९६० मध्ये इंग्लंडमधील एका मालकाने धनादेशावर आपली जग्वार विकली. धनादेश दुसऱ्याच दिवशी परत आला. ठकाचा पत्ता नव्हता. मालकाने तत्काळ पोलिसांना आणि तेथील मोटारचालक संघटनेला कळवले. अपील न्यायालयाने असे मानले, की एवढी तत्परता म्हणजेच करार रद्द करणे होय, आणि त्यानंतर गाडी घेणाऱ्याला हक्क मिळत नाही. ब्रिस्टलच्या विद्यार्थ्याची गाडी गेली, या मालकाची राहिली.

इंग्लंडमधील निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. त्याच दिवशी घेणाऱ्याला त्याच्या ज्ञात पत्त्यावर, मोबाईलवर आणि ई-मेलवर करार रद्द केल्याची लेखी सूचना द्यावी, पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार नोंदवावी आणि परिवहन कार्यालयाला हस्तांतरण थांबवण्यासाठी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, फसवणुकीचे कलम ३१८ आहे. जुन्या ४२० ची जागा त्याने घेतली. अर्जावर ४२० लिहिले म्हणून कोणी परत पाठवू नये, पण योग्य कलम लिहिलेले बरे.

व्यवहार सुरळीत पार पडला, तर दोन किरकोळ कामे उरतात. गाडीवरील फास्टॅग आपल्या खात्याशी जोडलेला असतो. तो बंद करून घ्यावा, नाहीतर नव्या मालकाचा टोल आपल्या खात्यातून जात राहील. विम्यावर 'नो क्लेम बोनस' मिळालेला असेल, तर तो गाडीबरोबर जात नाही, मालकाबरोबर राहतो. विमा कंपनीकडून तसा दाखला घेतल्यास तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढील गाडीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते.